इन्स्टॉलेशन कॉन्ट्रॅक्टरला दे, पण कंप्लेंट आपल्याच पोरांकडे ठेव

तुझा मेसेज दोनदा वाचला. घणसोलीत ९०० ब्रॉडबँडची आणि ५०० केबल टीव्हीची कनेक्शनं, पगारावर चार टेक्निशियन, आणि आता एक कॉन्ट्रॅक्टर येऊन सांगतोय की नवीन कनेक्शनचे ४५० आणि कंप्लेंटचे १५० दे, पोरं माझी, गाड्या माझ्या, तू फक्त ऑफिस सांभाळ. तुझा हिशोब असा की चार पगार १८ हजारांप्रमाणे ७२ हजार आणि पेट्रोलचे १२, म्हणजे महिन्याला ८४ हजार जातात, आणि कॉन्ट्रॅक्टरला दिलं तर ४० नवीन कनेक्शनचे १८ हजार अन् २०० कंप्लेंटचे ३० हजार, ४८ हजारांत सगळं उरकतंय. ३६ हजार वाचतायत, तर दादा चारही पोरांना सोडू का, असं विचारलंयस.

सोडू नकोस. आणि कॉन्ट्रॅक्टरलाही हाकलू नकोस, त्याचं काम वेगळं आहे, ते पुढे सांगतो. तू दादा म्हणतोस म्हणून मोकळं लिहितोय, कारण हीच चूक मी २०१६ मध्ये केली होती आणि चौदा महिन्यांत सगळं परत स्वतःकडे घ्यावं लागलं.

मी कळव्यात २००१ पासून या धंद्यात आहे. तेव्हा गच्चीवरून गच्चीवर कोॲक्स (टीव्हीची जुनी जाड केबल) टाकायचो, मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर, आणि पाऊस आला की अर्ध्या गल्लीचं चित्र मुंग्या-मुंग्या. २०१२-१३ ला डिजिटायझेशन आलं, घरोघरी सेटटॉप बॉक्स बसवायला माणसं कमी पडली, तेव्हा पहिल्यांदा बाहेरची पोरं बोलावली. बॉक्स लावायचा, कार्ड नंबर लिहायचा, चॅनल दिसले की पुढच्या घरी, आणि त्या कामाला ती पोरं खरंच चांगली होती. त्यामुळे माझ्या डोक्यात बसलं की सगळंच असं देऊन टाकता येईल. मग फायबर आलं, ब्रॉडबँड वाढलं, आणि मी तुझ्यासारखाच कागदावर हिशोब मांडला.

त्या हिशोबात गोम एकच आहे. कंप्लेंट महिन्याला २०० येतात हे तू तुझ्या आत्ताच्या पोरांच्या कामावरून धरलंयस. कॉन्ट्रॅक्टरला कंप्लेंटमागे १५० मिळणार असतील तर कंप्लेंट कमी झाल्या की त्याचं उत्पन्न कमी होतं. तो मुद्दाम बिघडवतो असं म्हणत नाहीये मी, तसं करणारा क्वचित असतो. पण मुळापासून दुरुस्त करायची घाई त्याला कधीच नसणार, राउटरची लाइट हिरवी झाली की कंप्लेंट क्लोज. तीच लाइन आठ दिवसांनी परत लाल झाली की परत १५०. तुझ्या पगारी पोराला तेच घर दुसऱ्यांदा चढायचा कंटाळा येतो, तीन मजले, लिफ्ट बंद, बाई वैतागलेली, म्हणून तो पहिल्याच वेळी नीट करून ठेवतो. तो कंटाळा तुझ्या कामाचा आहे बघ.

एक उदाहरण देतो, मनीषा नगरातलं आहे, त्याच चौदा महिन्यांतलं. जुलै महिना, संध्याकाळचे आठ, एका घरातनं तिसऱ्यांदा फोन की राउटरवर लाल लाइट. कॉन्ट्रॅक्टरची पोरं दोनदा जाऊन आलेली, दोन्ही वेळा रिमार्क होता चालू केलं. मी स्वतः गेलो, बरोबर माझा जुना पोरगा, ज्याला मी तेव्हा कलेक्शनवर टाकलं होतं. लॉबीतल्या स्प्लिटरच्या (एका फायबरच्या अनेक लाइनी करणाऱ्या डब्याच्या) पोर्टवर पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधला उजेड मोजायचं यंत्र, लावला तर मायनस १८.९ (आकडा जितका खाली, तितका उजेड कमी), एकदम मस्त. घरात ओएनयूच्या (फायबर जिथे येऊन लागते त्या डब्याच्या) तोंडाशी लावला तर मायनस २६.४. मध्ये वायर किती, जेमतेम ४५ मीटर. एवढ्या अंतरात फायबरचा स्वतःचा लॉस (उजेडाची घट, ती डीबीत मोजतात) मोजण्यासारखा पण नसतो, जो काही जायचा तो कनेक्टर आणि जॉइंटमध्ये, चांगलं काम असेल तर सगळा मिळून एक डीबी पण जाऊ नये, आणि इथे साडेसात डीबी गेलेले. आता हे तुला माहितीये, जीपॉनचा (आपल्या फायबर सिस्टीमचा) ओएनयू साधारण मायनस २७ पर्यंत ओढतो, म्हणजे मायनस २६.४ ला लाइट हिरवीच दिसते, गिऱ्हाईक खूश, पोरगा खूश. मग पावसाची जरा ओल लागली, वाऱ्याने वायर हलली, अजून एखादा डीबी गेला की लाल. सकाळी ऊन पडलं की परत हिरवी. म्हणूनच दोन्ही वेळा पोरं गेली तेव्हा चालू होतं.

टीव्हीच्या युनिटमागे हात घातला. पॅचकॉर्ड दोन बोटांभोवती गुंडाळून वर केबल टाय करकचून आवळलेला. लाल पेन (फायबरमध्ये लाल उजेड सोडणारं टेस्टर) लावलं तर टायच्या जागी वायर आतून लाल चमकत होती, म्हणजे उजेड तिथेच बाहेर पडतोय. टाय कापला, तीन डीबी तिथल्या तिथे परत आले. मग फास्ट कनेक्टर उघडला. आतली काच, म्हणजे फायबर, तिरकी कापलेली, क्लीव्हरचं (फायबर कापायच्या हत्याराचं) पातं बोथट असेल, आणि पुसलेली पण नव्हती. दोन इंच कापून टाकलं, नीट सोललं, स्पिरिटने पुसलं, नव्याने कापून बसवलं. मायनस १९.७. सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात घरातल्या ताईंनी विचारलं, हे पहिल्याच दिवशी का नाही केलं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री त्या पोरांवर खूप चिडलो होतो, पण नंतर त्यातल्या एकाशी चहावर बोललो तेव्हा कळलं. कॉन्ट्रॅक्टर त्याला कनेक्शनमागे किती देत होता तर मी जे देत होतो त्याच्या निम्मं पण नाही. पेट्रोल त्याचं, मोबाईलचा रिचार्ज त्याचा, क्लीव्हरचं पातं बदलायचं तर तेही त्याच्याच खिशातून. दिवसाला सात-आठ घरं केली तरच घरी दोन पैसे न्यायला मिळणार. चाळीस मिनिटं एका घरात थांबला तर त्याचं एक घर गेलं. आता सांग, तो टाय सैल बांधायला थांबेल का? पोरगा वाईट नव्हता, आपण रेट तसा ठरवला होता. म्हणून मी हे नेहमी सांगतो, कॉन्ट्रॅक्टरचा तुला दिलेला रेट विचारू नको, तो पोराच्या हातात किती टेकवतो ते विचार. तिथेच कामाची क्वालिटी ठरते.

आता तुझे ३६ हजार कुठे जातात ते बघू. २०० च्या कंप्लेंट २७०-२८० झाल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात होतील, की दहा-बारा हजार तिथे गेले. केबल तुटली, जेसीबीने ओढली, रात्री जॉइंट मारायचाय, हे तुझ्या ४५०-१५० मध्ये बसतच नाही, त्याचा रेट तो तेव्हा सांगणार आणि तू तेव्हा नाही म्हणू शकत नाहीस कारण दीडशे घरं अंधारात आहेत. महिन्याला दोन कट धर, आठ-दहा हजार. उरले पंधराएक हजार. तुझ्या हातात एका ब्रॉडबँड गिऱ्हाइकामागे सगळं जाऊन २०० राहत असतील तर पंधरा हजार म्हणजे ७५ घरं. घणसोलीत तुझ्या तीन-चार बिल्डिंगा झाल्या. आणि तिथे प्रत्येक बिल्डिंगच्या लॉबीत दुसऱ्या दोन कंपन्यांचे बॉक्स लागलेलेच आहेत, गिऱ्हाइकाला फक्त एक फोन करायचाय. हे गेलेलं गिऱ्हाईक तुझ्या खर्चाच्या कागदावर कधीच दिसत नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टर स्वस्त वाटतो.

केबल टीव्हीचं पण तेच. फेब्रुवारी २०१९ ला नवीन दर आले तेव्हा नेटवर्क फी (प्रत्येक घराकडून महिन्याला घ्यायचे ठरलेले पैसे) १३० होती आणि करारात दुसरं काही ठरलं नसेल तर त्यातले ५५ टक्के एमएसओचे (आपल्याला सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचे) आणि ४५ टक्के आपले, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. ट्रायच्या (सरकारी दूरसंचार नियामकाच्या) २०१७ च्या नियमात केबलवाल्याने दुरुस्तीला घरी जायचे २५ रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत आणि इन्स्टॉलेशनचे ३५० च्या वर नाहीत असं होतं, २०२४ च्या जुलैमध्ये या मर्यादा काढल्या. पण काढल्या म्हणून कोण घेतंय, आपल्या एरियात केबलची कंप्लेंट बघायला गिऱ्हाईक वेगळे पैसे देतच नाही. जिथे महिन्याला साडेअठ्ठावन्न रुपये येतात त्या घरी १५० रुपयांची एक व्हिजिट दिलीस तर त्या घराचा अडीच महिन्यांचा पैसा गेला. ५०० टीव्हीच्या कंप्लेंट तरी कॉन्ट्रॅक्टरकडे अजिबात देऊ नकोस.

दुसरी गोष्ट पैशात मोजता येत नाही पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. नेटवर्कचा नकाशा कुठे असतो? तू म्हणशील ऑफिसात एक्सेल आहे. असेल. पण कुठल्या जेसी बॉक्समध्ये (जॉइंटच्या डब्यात) निळी फायबर कापून केशरीला जोडलीय कारण २०२१ मध्ये निळी आत कुठेतरी तुटली होती, हे तुझ्या सगळ्यात जुन्या पोराच्या डोक्यात आहे. घणसोली गावठाणात कुठल्या घरावरनं वायर गेलीये आणि त्या घरातले आजोबा दुपारी दोन ते चार गच्चीची चावी देत नाहीत, हे त्याला माहिती. सेक्टरातल्या सिडकोच्या घरांवर लोकांनी मजले चढवले तेव्हा आपली वायर स्लॅबमध्ये कुठे गाडली गेली, हे त्याला माहिती. आमच्याकडे ठाण्यात उपवन, येऊरच्या पायथ्याच्या बाजूला माकडं वायरवर झोके घेतात, तिथे कुठल्या स्पॅनला (दोन खांबांमधल्या टप्प्याला) दर महिन्याला वायर खाली येते ते आमच्या तिकडच्या मित्राच्या पोराला झोपेत विचारलं तरी सांगेल. संक्रांतीला मांजाने कुठल्या गल्लीतले ड्रॉप (घरात येणाऱ्या शेवटच्या वायरी) कापले जातात, कुठल्या डक्टमध्ये उंदीर आहेत. कॉन्ट्रॅक्टरची पोरं दर तीन-चार महिन्यांनी बदलतात, मग प्रत्येक वेळी नवीन पोरगा पहिल्यापासून शोधतो, आणि वीस मिनिटांचं काम चार तासांचं होतं. माझ्या चौदा महिन्यांत तर असं झालं की शेवटी कुणालाच माहिती नव्हतं की कुठला स्प्लिटर कुठून फीड होतोय, मला दोन रविवार माझ्याच एरियात वायर धरून चालावं लागलं.

म्हणून तुझ्या चारमधले दोन सगळ्यात जुने जे आहेत ते तर कुठल्याही परिस्थितीत जाता कामा नयेत. त्यांना कंप्लेंट, जॉइंट आणि ओएलटी (सगळ्या लाइनी जिथून निघतात ते आपलं मुख्य यंत्र). उरलेल्या दोघांना त्यांच्या हाताखाली, एक सकाळी एक संध्याकाळी, आणि कॉन्ट्रॅक्टरने केलेलं काम तपासायला.

आता कॉन्ट्रॅक्टर कुठे लागतो ते. घोडबंदर रोडला माझ्या एका भागीदाराने २८ मजल्यांचा टॉवर घेतला, मजल्यावर आठ फ्लॅट, बिल्डरने सांगितलं ताबा द्यायच्या आधी पंधरा दिवसांत वायरिंग पूर्ण पाहिजे, नाहीतर डक्ट बंद करतो. दोन-तीन घरच्या पोरांना हे जमणारच नाही, आणि त्या पंधरा दिवसांसाठी दहा माणसं पगारावर ठेवणं हा वेडेपणा आहे. तिथे कॉन्ट्रॅक्टर पाहिजेच. तसंच नवीन रूटची ओव्हरहेड फायबर ओढायची, पोलवर तार ताणायची, रस्ता क्रॉस करायचा, शंभर-दीडशे जुने बॉक्स बदलायचेत, कोॲक्सवरनं अख्खी बिल्डिंग फायबरवर न्यायचीये. ज्या कामाला सुरुवात आहे आणि शेवट आहे, जे मोजता येतं, जे एकदा केलं की तपासून घेता येतं, ते बाहेर द्यायला हरकत नाही. तुझी महिन्याची ४० कनेक्शनं पण दे, मीसुद्धा देतो. पण ४५० ला नको, ५५० दे आणि अटी घाल. शंभर रुपयांत तुझी पुढची कटकट वाचते.

अटी काय, तर माझ्या कागदावर काय आहे ते सांगतो, हवं तर तसंच उतरव. प्रत्येक घरात ओएनयूच्या तोंडाशी पॉवर मीटर लावून आकडा दिसेल असा फोटो ग्रुपवर टाकायचा, फोटोत घर नंबर लिहिलेली चिठ्ठी. स्प्लिटरच्या पोर्टपेक्षा दीड डीबीहून जास्त लॉस असेल तर काम झालं असं धरायचं नाही. नुसता मायनस २३ असा आकडा ठरवू नकोस, कारण जे घर ओएलटीपासून लांब आहे तिथे बिचाऱ्याची चूक नसताना आकडा कमी येतो, आणि जवळच्या घरात सडकं काम करूनही मायनस २२ दिसतं. फरक मोज. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जाणार, हिरव्याला निळा जोडून चालू करून दिलेलं सापडलं तर त्या घराचे पैसे नाहीत. घरात दीड-दोन मीटर वायर जास्तीची सोडायची, हाताच्या पंजाएवढा गोल करून, टाय सैल. ड्रॉपला दोन्ही टोकांना टॅग, स्प्लिटरपाशी पण, ही टॅगची अट सगळ्यात जास्त मोडली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

ड्रॉप वायरवर मीटरचे आकडे छापलेले असतात ते तुला माहितीये. कामाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून घे. माल कायम आपला, आपण मोजून द्यायचा, मोजून परत घ्यायचा. मी पहिल्या वर्षी ड्रमच्या ड्रम उचलून दिले आणि नंतर माझीच वायर दुसऱ्याच्या नेटवर्कला लोंबताना पाहिली, मीटरच्या आकड्यावरून ओळखली. ओएनयू आणि बॉक्सचा सीरियल नंबर त्याच दिवशी नोंदला गेला नाही तर तो बॉक्स गेला असं समज.

आणि पैशाची अट. ३० दिवसांत त्या घरातनं लाइनची कंप्लेंट आली तर कॉन्ट्रॅक्टरने फुकट जाऊन करायची, त्याच्या माणसाने चोवीस तासांत केलं नाही तर आपला पोरगा जाणार आणि २०० रुपये त्याच्या बिलातून कापणार. प्रत्येक बिलातले १५ टक्के ६० दिवस हातात ठेवायचे. चांगला कॉन्ट्रॅक्टर याला कुरकुर करेल पण तयार होईल, जो ताडकन उठून जाईल त्याला जाऊ दे. बिल जीएसटीसकट घे, टीडीएस काप, चिठ्ठीवर काम करू नकोस. एका वेळी ३० हजारांच्या वर बिल गेलं किंवा वर्षात एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस लागू शकतो, एकटा माणूस असेल तर १ टक्का, कंपनी असेल तर २.

गिऱ्हाइकाकडून रोख एक रुपया घ्यायचा नाही, हे पण लिहून घे. वायर जास्त लागली म्हणून ३०० द्या, भिंतीला ड्रिल मारायचे १०० द्या, असं चालतं आणि शिव्या आपल्याला पडतात, कारण बिलावर नाव आपलं आहे. पोरांना आपल्या नावाचं ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं, फोटो आपल्या ऑफिसात. दुपारी घरात बाई एकटी असते, म्हातारी माणसं एकटी असतात, त्यांनी दार उघडायचं ते कुणाच्या भरवशावर? तुझ्या. त्या दारात कोण उभा राहणार हे तुला माहितीच नसेल तर तो भरवसा टिकत नाही. मी आजही नवीन पोरगा आला की पहिले आठ दिवस त्याला एकट्याला घरात पाठवत नाही.

आता घरच्या पोरांचं पण खरं सांगतो, तिथेही सगळं गोड नाही. तुझे चारही कोकणातले असतील तर गणपतीत चारही गावी. माझं एका वर्षी असं झालं, गौरीच्या दिवशी मेन केबल तुटली आणि एरियात जॉइंट मारणारा एक माणूस नाही, मी स्वतः मशीन घेऊन बसलो. तेव्हापासून ठरवून ठेवलंय, एक कोकणातला, एक घाटावरचा, एक इथलाच आगरी पोरगा, एक उत्तरेकडचा, म्हणजे गणपती, शिमगा, जत्रा, छठ असं वाटून सुट्ट्या जातात. आपल्या वेळेत सीसीटीव्हीची खासगी कामं करणारे असतात. मी त्यांना ओरडलो नाही, रविवारी करा आणि माझी शिडी वापरा म्हणून सांगितलं, बंद झालं. शिकून तयार झालेला पोरगा दोन हजार जास्त मिळाले की समोरच्याकडे जातो, आणि जाताना गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन जातो. यावर मला एकच उपाय सापडलाय, पगार वेळेवर, ५ तारीख म्हणजे ५ तारीख, आणि दरवर्षी न मागता वाढ. त्यावर महिन्याच्या शेवटी एरिया शांत राहिला त्याचे पैसे. कंप्लेंट अटेंड केल्याचा इन्सेन्टिव्ह देऊ नकोस, नाहीतर तोच कॉन्ट्रॅक्टरवाला प्रकार घरात सुरू होईल. मी एरियाप्रमाणे देतो, ज्याच्या भागात एकाच घरातनं महिन्यात दुसऱ्यांदा कंप्लेंट आली नाही त्याला दीड हजार. रजिस्टर मी लाल पेनने तपासतो, दुसऱ्यांदा आलेलं घर लाल गोल.

सगळ्यात शेवटी जे लिहितोय ते खरं तर पहिलं लिहायला पाहिजे होतं, पण मला ते लिहायला जड जातं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये माझ्याच एका नवीन कनेक्शनला कॉन्ट्रॅक्टरचा एक पोरगा तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उतरला. वय बावीस. पाऊस थांबून अर्धा तास झालेला, छज्जाला शेवाळ. बेल्ट नव्हता. कंपाउंडच्या आत एका रिक्षाच्या टपावर पडला म्हणून वाचला, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, मणक्याला मार. मला वॉचमनने फोन केला. मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला तर बंद, दुसऱ्या दिवशी पण बंद. त्याची आई बीडवरनं रात्रीच्या एसटीने आली, सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली, तिला कॉन्ट्रॅक्टर कोण हे माहितीच नव्हतं, तिला एवढंच माहिती की पोरगा कळव्यात केबलवाल्याकडे कामाला आहे. म्हणजे माझ्याकडे. आणि ती बरोबरच होती.

कायदा पण तेच म्हणतो, हे मला नंतर वकिलाने दाखवलं. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात स्पष्ट होतं की कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला तुमच्या कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते, मग तुम्ही ती कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करत बसा. जुना कंत्राटी कामगार कायदा ५० माणसांच्या खाली आपल्याकडे लागू नव्हता म्हणून आपले लोक निर्धास्त असायचे, नोव्हेंबर २०२५ पासून ज्या नवीन लेबर कोड लागू झाल्या त्यातही कंत्राटी कामगारांसाठी आकडा ५० चाच आहे. पण पडलेल्या माणसाची जबाबदारी त्या आकड्यावर अवलंबून नाही. मी एक लाख चाळीस हजार भरले, मला त्याचं दुःख नाही. तो पोरगा अजून जिना चढताना कठडा धरतो, त्याचं आहे.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरला भेटशील तेव्हा रेटच्या आधी हे माग: त्याच्या प्रत्येक पोराचा अपघात विमा कागदावर, फुल बॉडी बेल्ट प्रत्येक जोडीला एक, फायबरग्लासची शिडी, ॲल्युमिनियमची नको. पोलवर विजेची लाइन असेल तिथे ओल्या दिवसात कुणी चढायचं नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. छज्जावर उतरायचं नाही म्हणजे नाही, वायर दुसरीकडून फिरवा, वीस मीटर जास्त लागू देत, माल आपला आहे. त्याची माणसं दहा किंवा जास्त असतील तर ईएसआयसीचा (सरकारी कामगार विम्याचा) नंबर असायलाच पाहिजे, २१ हजारांपर्यंतच्या पगाराला ती लागू आहे, चलनाची कॉपी दर महिन्याला बिलासोबत, तोपर्यंत बिल पास नाही. चलनात ज्या पोराचं नाव नाही तो साइटवर दिसला तर परत पाठव.

आणि तुझी स्वतःची माणसं. तू लिहिलंस ऑफिसची ताई आणि दोन कलेक्शनवाले धरून सात, म्हणजे ईएसआयसीची सक्ती तुला नाही. मग विमा तू काढ. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख, त्यांच्या बँक खात्यातून कापला जातो, तो तर या आठवड्यात सगळ्यांचा झालाच पाहिजे. पण त्यात हॉस्पिटलचा खर्च येत नाही, म्हणून त्यावर एक ग्रुप ॲक्सिडेंट पॉलिसी घे ज्यात हाड मोडल्यावर उपचाराचे आणि घरी बसलेल्या आठवड्यांचे पैसे मिळतात. एजंटला नीट सांग की पोरं उंचावर काम करतात, ऑफिस स्टाफ म्हणून दाखवून स्वस्तात काढून देतील आणि क्लेमच्या वेळी हात वर करतील.

कॉन्ट्रॅक्टर तुला या आठवड्यात उत्तर मागतोय ना, त्याला सांग फक्त नवीन कनेक्शनं, तीन महिने, ५५० रुपये, आणि पहिली दहा घरं माझा माणूस बरोबर येणार. तुझ्या जुन्या पोराकडे पॉवर मीटर दे आणि त्या दहा घरांचे आकडे त्याच्याकडून वहीत लिहून घे. रविवारी सकाळी कळव्याला ये, माझ्या कराराचा कागद आणि ते लाल गोलवालं रजिस्टर दाखवतो. जुन्या पोराला पण घेऊन ये, स्प्लायसिंग मशीनवर (फायबर जोडायच्या) त्याचा हात बसलाय का ते बघू, नसेल तर दोन रविवार माझ्याकडे बसेल, पावसाळ्याआधी तयार होईल.